मागितलं शेत, मिळाली परसबाग

परसबागेचं वर्तुळ मी आजवर किती गावांत काढलं असेल याची मोजदाद नाही. अंगणवाडीच्या फळ्यावर, समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं, काहीच नसलं तर मातीत काडीनं. मध्ये पालापाचोळ्याचा खड्डा, भोवती सात वाफे, सोमवारचा एक, मंगळवारचा एक, कडेनं शेवगा, पपई, कढीपत्ता. "एवढं केलंत की भाजीला बाजारात जायला नको, आणि अंगात रक्तही वाढेल," हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका वस्तीवर हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक आज्जी म्हणाली, "ताई, तुमचं चाक लई ग्वाड हाय. पर ते फिरवायचं कुनी?"

बायका हसल्या. मीही हसले. पण परतीच्या एस.टी.त ते हसू गळ्यात अडकल्यासारखं झालं. सरकारी अभियानाची पत्रकं माझ्या पिशवीत होती, बियांची पाकिटं होती, आणि आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर त्या पिशवीत कुठंच नव्हतं.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. मला बाग आवडते. माझ्या आईच्या परसात जे पिकत होतं ते मी कुठल्याही शिबिरात शिकले नाही. तिनं वर्तुळ काढलं नव्हतं. तिनं आधी बघितलं होतं की मोरीचं पाणी कुठं जाऊन मुरतं, दुपारचं ऊन कुठल्या बाजूनं भाजतं आणि शेजारची शेळी कुठून शिरते. मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ, कारण त्यांना साबणाचं पाणी चालतं. त्या पाण्यावर ती मेथी-कोथिंबीर कधी घेत नसे. पश्चिमेला शेवगा, म्हणजे उन्हाळ्यात कलत्या उन्हाची झळ वाफ्यांना लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की मनगटाएवढी जाड, तीन-चार हात लांब फांदी खोचायची, वर शेणाचा गोळा लावायचा. कुंपणाला बोरीच्या काट्या, त्यावर वाल आणि घोसाळी. दोडका-कारल्याला मांडव. भेंडी, गवार, चवळी जूनमध्ये. दसरा झाला की मेथी, पालक, शेपू, चुका, मुळा. मेथी ती एकदम पेरत नसे. आठ-दहा दिवसांनी एक एक पट्टा, म्हणजे महिनाभरानं पहिला उपटेपर्यंत पुढचा तयार. चवळीवर मावा पडला की पहाटे दव असताना चुलीची राख भुरकायची. निंबोळ्या कुटून ठेवलेल्या असत. मूठभर कूट लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी फडक्यातून गाळून शिंपडायचं. पहिलं निरोगी फळ कुणी तोडायचं नाही. त्याला दोरा बांधलेला असे. ते बियाचं. वाळवून राखेत घोळून गाडग्यात, तोंड शेणामातीनं लिंपून.

आता आपण वाटतो ती पाकिटं संकरित बियांची असतात. त्यातून आलेल्या भेंडीचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तशीच भेंडी येईल याची खात्री नाही. म्हणजे पुढच्या जूनला पुन्हा पाकीट. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. कौतुक एका बाजूला, पाकिटं दुसऱ्या बाजूला.

तर मी आज्जीचा प्रश्न घेऊन पुढच्या महिन्यात परत त्याच वस्तीवर गेले. या वेळी वर्तुळ काढलं नाही. म्हटलं, आपण हिशेब करू. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. उन्हाळ्यात भाजीला दिवसाला चार मिलिमीटर पाणी धरलं तर चारशे लिटर होतं. हंडा पंधरा लिटरचा. एका पोरीनं पाटीवर भागाकार केला: सव्वीस-सत्तावीस हंडे. वाफ्यांवर पालापाचोळा अंथरला, फक्त मुळाशी पाणी दिलं, मडकी पुरून मुरवलं, तर निम्म्यावर येईल. म्हणजे तेरा हंडे. नळ त्या वस्तीला येऊन दोन वर्षं झाली आहेत. पाणी येतं आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस हापसा. एक जण म्हणाली, "प्यायचे धा अन् बागेचे तेरा. मंग मी काय हापश्यालाच बांधून घिऊ का?"

२०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे मी त्यांना सांगितले. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, घरकाम करणारा पुरुष ८८. पाच वर्षांपूर्वी, २०१९ ला, हेच आकडे २९९ आणि ९७ होते. तेव्हा बाईची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषानंही आपली नऊ कमी करून घेतली. बायकांना आकड्यांचं फार नवल वाटलं नाही. "येवढंच?" असं एकीनं विचारलं. त्या वस्तीतल्या बायका घरकाम उरकून दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपायला जातात, आणि आम्ही त्यांना सांगतो की उरलेल्या वेळात बाग करा. हा उरलेला वेळ कुणी पाहिला असेल तर मला कळवावं.

पण मैत्रिणींनो, श्रमाचा मुद्दा आपण चाळीस वर्षं मांडतोच आहोत. मला त्याच्या पुढं जाऊन विचारायचं आहे. ही भाजी परसात का आणावी लागतेय? ती आधी कुठं होती?

ती शेतात होती. ज्वारीच्या रानात तुरीचे, मुगाचे तास असायचे, अंबाडी असायची, बांधाला तीळ आणि कारळं. मिश्र पेरणीचं बी कोणतं, किती, हे घरातली बाई ठरवायची, कारण ते बी तिच्या गाडग्यातलं असायचं. आणि न पेरलेलं तर किती होतं: तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजर, तरोटा. खुरपायला गेलेली बाई येताना ओटीत दोन वेळची भाजी घेऊन यायची, फुकट. मग रानं सोयाबीनची आणि उसाची झाली. सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं की घोळही जळते आणि तांदुळजाही. कृषी सहायकाच्या भाषेत ते तण. आमच्या भाषेत ते रात्रीचं कोरड्यास. कुठलं पीक घ्यायचं, औषध कुठलं मारायचं, हे घरातल्या कुठल्या बाईला विचारलं? पैसा कारखान्यावरून आणि आडतीवरून थेट पुरुषाच्या नावावर. ताटातलं गेलं ते मात्र भरून काढायचं बाईनं, घरामागच्या एका गुंठ्यात, मोरीच्या पाण्यावर.

पाच एकरांत जे बिघडलं ते एका गुंठ्यात दुरुस्त करायला सांगताहेत, आणि ते सांगायला मला पाठवताहेत. माझी तक्रार एवढीच आहे.

आता रक्ताचं बघू. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय असलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४८ टक्के होत्या, २०१९-२१ च्या पाहणीत ५४.२ टक्के झाल्या. कमी होण्याऐवजी वाढल्या. आणि आम्ही म्हणतो पालक खा. पालेभाजीतलं लोह शरीर फारच थोडं शोषून घेतं. लिंबू, आवळा, पेरू बरोबर असेल तर जरा अधिक. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेही कमी. डाळ, अंडं, मटण-मासे, लोहाच्या गोळ्या, जंतांचं औषध, दोन बाळंतपणांत अंतर, अंगावरून फार जात असेल तर वेळेवर उपचार: हे सगळं लागतं. रेशनवर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हक्काचं मिळतं ते धान्य. डाळ त्या हक्कात नाही, तेल नाही. डाळ मागणं म्हणजे सरकारशी भांडण. मेथी लाव म्हणणं म्हणजे बाईला उपदेश. सोपं काय ते उघड आहे. शिवाय ती मेथी शिजली तरी वाढताना आधी नवरा, मग पोरं, मग सासू, आणि कढईला चिकटलेलं आपल्याला, हे कुठल्या वाफ्यात बदलतं?

ज्यांना परसच नाही त्यांची तर आम्ही गणतीच करत नाही. बौद्ध वस्तीत, पारध्यांच्या वस्तीवर दोन घरांच्या मध्ये खाट मावत नाही. गायरानावर राहणाऱ्यांच्या नावावर ते गायरान आजही नाही. भूमिहीनांचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला केला, १९६४-६५ ला पुन्हा केला, हे मी कशाला सांगायला हवं. आणि बीडकडच्या ऊसतोडणीच्या बायका? मेथी पेरायची दसरा-दिवाळीच्या सुमाराला, आणि कोयता गाव सोडतो तोही त्याच सुमाराला. त्या एप्रिलमध्ये परततात. तोवर वाफ्यात धूळ. अभियानाचा अहवाल जानेवारीत जातो, त्यात या घरांसमोर "लाभार्थी अनुत्साही" असा शेरा मी स्वतः लिहिलेला आहे. त्याची मला आज लाज वाटते.

माझ्या सहकारी मैत्रिणी मला म्हणतात, तू फार टोकाला जातेस. निदान एवढं तरी बाईच्या हातात आहे. चार पैसे मिळतात, घरात मान मिळतो, मन रमतं. खरं आहे. माझ्याच गल्लीतली एक विधवा बाई परसातल्या शेवग्यावर आणि कढीपत्त्यावर पोराची फी भरते. मी स्वतः थकून आले की गच्चीतल्या दोन कुंड्यांपाशी बसते. पण हातात आहे म्हणजे किती आहे, ते एका प्रसंगात कळलं.

आमच्या एका गटातल्या अक्कानं अशी बाग केली होती की तालुक्याच्या स्पर्धेत पहिला नंबर आला. एकवीस प्रकारच्या भाज्या, मांडवावर पडवळ, वाफ्यांच्या कडेला झेंडू. साहेबांनी साडी-चोळी दिली, फोटो निघाले. चार महिन्यांनी मी गेले तर तिथं पत्र्याची शेड. दिरानं ट्रॅक्टर घेतला होता, त्याला उभं करायला जागा हवी होती. अक्का चूल फुंकत होती. मी विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?" म्हणाली, "काय बोलू? जागा काय माझ्या बापाची हाय? माझ्या बापाची व्हती तीबी भावानं सही करून घेतली." शेवगा तेवढा राहिला होता. शेडच्या बाहेर आला म्हणून.

आम्ही तिला बाग शिकवली. खत शिकवलं, दशपर्णी अर्क शिकवला, चौदा बैठकींत. जागा कुणाच्या नावावर आहे हे एकाही बैठकीत विचारलं नाही. आणि असं नव्हे की आपल्याला हा प्रश्न ठाऊक नव्हता. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं, तिथं बाया हजारोंनी आल्या होत्या. मग लक्ष्मीमुक्तीची मोहीम झाली, गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या बायकांनी तर आपल्या नावच्या रानात विकतच्या खत-औषधांशिवाय सीताशेतीचा प्रयोग केला. १९९२ ला सरकारनं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला तर सातबारावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावावं. स्वतःहून! सगळी मेख त्या एका शब्दात. १९९४ साली महाराष्ट्रात, २००५ साली देशभर, हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा आला. त्याच १९९४ साली बीना अगरवाल यांचं 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' आलं, आणि बाईला स्वतःचं शेत का हवं हे त्यांनी दक्षिण आशियाभरच्या आधारांनिशी दाखवून दिलं. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांच्या हाती असलेली खाती देशात जेमतेम १४ टक्के. आपण शेत मागत होतो. मागता मागता केव्हा कुणी आपल्या हातात परसबागेचं पत्रक ठेवलं आणि आपण ते वाटायला लागलो, हे माझं मलाच कळलं नाही.

वेगळं करता येतं. लातूर-उस्मानाबादकडं (आता धाराशिव) स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला, आणि त्यात काय पेरायचं हे आपण ठरवू असं म्हटलं. डाळी, धान्य, भाजीपाला. तोही नवऱ्याच्या मर्जीनंच मिळालेला एकर आहे, नाव त्याचंच असतं, हे मी विसरत नाही. पण एकरावर निर्णय घेणाऱ्या बाईशी घरात बोलणं वेगळं होतं. एक गुंठा राखणाऱ्या बाईला घरात विचारतात एवढंच, की आज भाजी काय आहे.

मी वर्तुळ काढणं सोडलेलं नाही. फक्त आता बैठकीची सुरुवात वेगळी करते. पहिल्या दिवशी बी नाही, खत नाही. पहिल्या दिवशी घराच्या नोंदीचा उतारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८. त्यावर कुणाचं नाव आहे ते सगळ्याजणी वाचतात; ज्यांना वाचता येत नाही त्यांना पोरी वाचून दाखवतात. २००३ साली ग्रामविकास खात्यानं 'घर दोघांचे' असा निर्णय काढला आहे, घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायची. ती नोंद कर आकारणीची आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. पण उद्या कुणी शेड टाकायला आलं तर दाखवायला कागद तरी असतो. दुसऱ्या दिवशी पाणी: हापशावर तेरातले सात हंडे पुरुषांनी आणायचे, हे नवऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर ठरतं. पहिल्या वेळी चारच आले, त्यातला एक झोपला. तिसऱ्या दिवशी रान, म्हणजे घरच्या शेतात किती तास तुरीचे, मुगाचे ठेवायचे, आणि कुठल्या तुकड्यात तणनाशक मारायचं नाही. बाग चौथ्या दिवशी. ज्यांना परस नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या पडीक जागेचा तुकडा गटाच्या नावे मागायचा, तोंडी नाही, लेखी. आणि तोडणीला जाणाऱ्यांसाठी मेथीचा हट्ट नको. जूनची गवार-चवळी, शेवगा, हादगा आणि परतल्यावर मोरीवरचं अळू.

अभियानाच्या साहेबांना हे आवडलेलं नाही. चार दिवसांच्या कामात एकच दिवस बागेचा, मग उद्दिष्ट कसं पुरं होणार, असं त्यांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, उद्दिष्ट कुणाचं? त्यांनी फोन ठेवला. यंदाची पाकिटं आम्हाला आलेली नाहीत. आईच्या गाडग्यातल्या वालाचं बी मी नऊ घरांत वाटलं.

त्या वस्तीवरच्या अकरा बायकांनी २६ जानेवारीच्या आधीच्या महिलासभेत नाव लावण्याचे अर्ज दिले. ग्रामसेवकानं पाचच घेतले, बाकीच्यांना नवऱ्याला घेऊन या म्हणाला. पाचांपैकी दोघींची नावं लागली आहेत. एक त्या आज्जीची सून. अक्काचा अर्ज दुसऱ्या गावचा, तिथं दीर आडवा आला. तिनं शेवग्याच्या दोन फांद्या तोडून माहेरी नेऊन लावल्या आहेत आणि भावाकडे आपल्या हिश्शाचं विचारलं आहे. भाऊ बोलेनासा झालाय. १ मेच्या ग्रामसभेला आम्ही उरलेले सहा अर्ज पुन्हा घेऊन जाणार आहोत, या वेळी पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही असं ठरलं आहे. अर्जाचा नमुना ज्या गटांना हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावं. आणि तुमच्याकडे पडीक जागा गटाच्या नावे मिळाली असेल, तर ठरावाची भाषा काय होती ते जरूर कळवा. आमचा ग्रामसेवक म्हणतो असा ठराव कुठं झालेलाच नाही.